मोंडुलकिरीत व्हायवॅक्स मलेरिया झाला तेव्हा

कंबोडियाच्या पूर्वेला, व्हिएतनामच्या सीमेलगत मोंडुलकिरी प्रांत आहे. तिथल्या जंगलातल्या पाहणीसाठी मी बुनाँग आदिवासींच्या एका गावात राहत होतो. त्या भागातला मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस डायरस डास संध्याकाळपासूनच, घराबाहेर चावतो, त्यामुळे नुसती झोपतानाची मच्छरदाणी पुरत नाही. मला हुडहुडी भरून ताप चढला, तसं घरमालकांनी गावच्या मलेरिया स्वयंसेविकेला बोलावलं.

गडचिरोलीत आशाताई करतात तसंच हे काम. कंबोडियाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने २००४ पासून गावोगावी असे स्वयंसेवक नेमले. आमची ताई, तिला सगळे ‘बोंग’ म्हणत, शेती सांभाळून हे बघायची. तिने बोट टोचलं, रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर घेतला, वर द्रावण टाकलं आणि घड्याळ समोर ठेवून बसली. १५ मिनिटांनी व्हायवॅक्स या मलेरियाच्या प्रकाराची रेघ उमटली. आर्टेसुनेट-मेफ्लोक्विन या मलेरियाच्या गोळ्यांचा तीन दिवसांचा कोर्स लगेच सुरू झाला. पहिला डोस तिने समोर घ्यायला लावला आणि उलटी होत नाही ना, हे बघायला बराच वेळ थांबली. याच देशाच्या पश्चिम सीमेवर, पाइलिनमध्ये, आर्टेमिसिनिनला (आर्टेसुनेट त्याच गटातलं) दाद न देणारे मलेरियाचे जंतू सापडले होते. अशा देशात औषध अर्धवट सोडून चालत नाही. गोळ्यांनी डोकं गरगरायचं, पण ताप उतरला.

तरी व्हायवॅक्स एवढ्याने जात नाही. तो यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उसळतो. त्यावर प्रायमाक्विन नावाची गोळी हवी. पण जी६पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी त्या गोळीने फुटू शकतात, म्हणून आधी त्याची तपासणी लागते. ती आरोग्य केंद्रात. लाल चिखलाच्या रस्त्याने मोटारसायकलवर मागे बसून, अंगात त्राण नसताना, मी गेलो. नर्सने रक्त द्रावणात मिसळून हातात मावेल एवढ्या यंत्राच्या पट्टीवर सोडलं. दोन मिनिटांत एन्झाइमचा आकडा आला. तो चांगला होता. १४ दिवसांच्या गोळ्या मिळाल्या: जेवणानंतर घ्यायच्या, लघवी गडद झाली तर थांबवून लगेच यायचं. गावी परतल्यावर बोंग अधूनमधून येऊन नेमकं तेच विचारायची.

शेजारच्या पोराचीही पट्टी व्हायवॅक्सचीच निघाली होती. तो केंद्रात गेलाच नाही. ताप उतरला होता, कसाव्याची काढणी चालू होती, दिवसाची मजुरी बुडवणार कोण? मला त्याचा राग येत नाही. बायकांचं तर आणखी कठीण: अशी तपासणी करून प्रायमाक्विन देण्याची सोय सुरुवातीला २० किलोंवरच्या पुरुषांपुरतीच होती.

२०१८ नंतर कित्येक वर्षं कंबोडियात मलेरियाने एकही मृत्यू नोंदला गेला नाही, त्यात बोंगसारख्यांचा वाटा मोठा आहे. जी६पीडीचं यंत्र गावच्या स्वयंसेवकांच्या हाती देऊन कंबोडियात तसं करूनही पाहिलं गेलंय. ते लवकरात लवकर तिच्या पिशवीत यायला हवं, काढणी सुरू व्हायच्या आत.