तापाचा कितवा दिवस? : माझा अनुभव

३१ ऑगस्ट २०२४, शनिवार. मला सदतिसावा आठवडा लागला होता. सकाळी पलंगावरून उतरले तर घोट्यांवर उभंच राहता येईना, दुपारपर्यंत ताप १०२. त्या दिवसांत नागपुरात चिकनगुनियाची साथ होती, आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत तीन घरी माणसं भिंतीला धरून चालत होती. मला शंका नव्हती, फक्त रिपोर्ट हवा होता.

रविवारी एका लॅबमध्ये रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला, निगेटिव्ह. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. सोमवारी डॉक्टर मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "ही अँटिबॉडीची टेस्ट आहे. दुसऱ्या दिवशी अँटिबॉडी कुठून दिसणार?" अँटिबॉडी म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं. त्या तयार व्हायला चार-पाच दिवस तरी जातात. पहिल्या आठवड्यात पीसीआर करायची असते, तीत खुद्द विषाणूच सापडतो. लॅबच्या फॉर्मवर 'तापाचा कितवा दिवस' असा रकाना होता. तो कोराच होता. कोणी विचारलंच नाही, आणि तो भरायचा असतो हे मलाही माहीत नव्हतं.

पीसीआरसाठी मॅडमनी एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. खिडकीवरच्या माणसाने चिठ्ठी उलटसुलट केली. "यावर आमच्या ओपीडीचा शिक्का नाही." ओपीडीत गेलो तर ती बंद झालेली. "उद्या या." हे म्हणाले, "उद्या तर तान्हा पोळा, सुट्टी असेल." "मग परवा या." यांनी परत परत सांगितलं की दिवस भरत आलेत, एकेक दिवस मोजून काढतोय. तो पुढच्या माणसाचा कागद घेऊ लागला. मी पोट धरून बाकावर बसले होते, सुजलेल्या बोटांत फाइलसुद्धा धरवत नव्हती. मंगळवारी घरी पडून टीव्हीवर मारबत बघितली, रोगराई गावाबाहेर घालवायला पुतळे मिरवतात ती नागपूरची मिरवणूक. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" कानावर पडलं आणि मला रडू आलं.

घाई का होती, ते सांगते. चिकनगुनियात बाळाला खरा धोका असतो तो बाळंतपणाच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू असला तर. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये मोठी साथ आली, तेव्हा अशा आयांच्या जवळपास निम्म्या बाळांना लागण झाली. सिझेरियननेही ती टळली नाही. बाळं जन्मताना ठणठणीत दिसायची, तीन ते सात दिवसांत आजारी पडायची, काहींच्या मेंदूला सूज यायची. म्हणून मला कळ यायच्या आत विषाणू रक्तातून जायला हवा होता. साधारण आठवडाभरात तो जातो.

बुधवारी, पाचव्या दिवशी, शिक्का मिळाला. या वेळी तो रकाना मी स्वतः भरला. तुम्हीही भरा, आणि 'गरोदर, ३७ आठवडे' असं वर मोठ्या अक्षरात लिहा. शुक्रवारी रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह.

अंगदुखीला शेजारच्या काकूंनी स्वतःची गोळी देऊ केली होती. घेऊ नका. ताप डेंग्यूचा असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. मला फक्त पॅरासिटामॉल होतं, तेही मॅडमना विचारूनच.

माझ्या नणंदेला तेव्हा तिसरा महिना होता, ती पुण्याची. तिची भीती वेगळी. त्या पावसाळ्यात पुण्यात झिका, हाही डासांमुळे पसरणारा विषाणू, निघाला होता, रुग्णांत गरोदर बायकाही होत्या. झिकात सुरुवातीचे महिनेच जास्त नाजूक, बाळाचं डोकं आणि मेंदू नीट वाढत नाही. बहुतेकांना लक्षणंच नसतात, आणि तो नवऱ्याकडून संबंधातूनही येऊ शकतो. मी तिला सांगितलं, ताप आला तर रक्त आणि लघवी दोन्ही तपासून घे, सोनोग्राफी चुकवू नकोस.

१६ सप्टेंबरला मुलगी झाली, तापानंतर सतराव्या दिवशी. मॅडमनी तरीही आम्हाला आठवडाभर ठेवून घेतलं. रोज सकाळी तिने दूध ओढलं की मी एक दिवस मोजायचे. सातव्या दिवशी घरी सोडलं.

एक राहिलंच. उन्हाळा संपला तरी आमचा कूलर खिडकीलाच होता, टाकीत पावसाचं पाणी. चिकनगुनिया, डेंग्यू, झिका पसरवणारा एडिस डास तिथेच वाढतो आणि दिवसा चावतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी टाकीच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात. टाकी ब्रशने घासावी लागते. मी बाळाला घेऊन यायच्या आदल्या दिवशी यांनी आमची घासली, आणि मग वरच्या मजल्यावरच्यांचीही.