राखीव सीट

"उठू नका, बसा. त्या सीटवर आता कोण येतंय?"

पंढरपूरहून सांगोल्याला एसटीनं येत होते. बसल्यावर लक्षात आलं, वर लिहिलंय, 'विधानमंडळ सदस्यांसाठी राखीव'. रंग निम्मा उडालेला. मी अर्धवट उठले, तेव्हा शेजारच्या आजोबांनी असं थांबवलं. मांडीवर डाळिंबाची पिशवी, पायाशी खताचं रिकामं पोतं.

मग म्हणाले, "आमचं आबासाहेब बसायचं."

नाव घ्यायची गरजच पडली नाही. गणपतराव देशमुख. 1962 ला पहिल्यांदा आमदार, 2014 ला अकराव्यांदा. मतदारसंघ एकच, सांगोला. पक्षही एकच, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, तोसुद्धा राज्यभर आटत गेलेला. दोनदा मंत्री झाले, आणि 1972 अन् 1995 ला याच सांगोल्यानं त्यांना पाडलंही. हे मला फार आवडतं, खरं सांगते. पडले, पण पक्ष बदलला नाही.

आजोबांना त्या आकड्यांचं काहीच नव्हतं. त्यांचं एकच: "टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याचं इचारलं की वर्षानुवर्षं तेच उत्तर द्यायचं, भांडतोय अजून. पण खोटी तारीख न्हाय दिली कधी."

खोटी तारीख. उतरल्यापासून हेच डोक्यात फिरतंय.

2021 च्या जुलैत आबासाहेब गेले. स्टँडबाहेर आता वाढदिवसांचे फ्लेक्स, एकावर एक. एसटीत मात्र ती पाटी अजून आहे.

तुमच्या आमदाराला तुम्ही शेवटचं एसटीत कधी पाहिलंत?