ग्रीक नसलेली ग्रीक आई

परवा रविवारी दुपारी आईसोबत 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग' परत एकदा बघितला. २००२ चा सिनेमा, म्हणजे आता जुनाच म्हणायचा. शिकागोतलं ग्रीक कुटुंब, घराला पार्थेनॉन देवळासारखे खांब, गॅरेजच्या दारावर ग्रीसचा झेंडा, आणि तिशीची टूला अजून बिनलग्नाची म्हणून अख्ख्या खानदानाच्या जिवाला घोर. टूलाचे बाबा गस म्हणजे तर कहरच. कुठलाही शब्द द्या, मूळ ग्रीकच. किमोनोसुद्धा म्हणे हिवाळ्याच्या ग्रीक शब्दावरून आला! आई एवढी हसली की चहा सांडला, म्हणाली हा तर आपल्या पु. ना. ओकांचा ग्रीक भाऊ. ओकांनी नाही का व्हॅटिकन 'वाटिके'वरून आणि ख्रिश्चॅनिटी 'कृष्णनीती'वरून काढली होती. आणि गसचं ते विंडेक्स! काच पुसायचा निळा स्प्रे, पण पुटकुळी आली मार, खरचटलं मार. आमच्याकडे हे खातं कैलास जीवनकडे आहे.

शाळेत छोटी टूला डब्यातला मूसाका काढते आणि सँडविचवाल्या गोऱ्या पोरी त्याच्या नावाची घाण कोटी करून खिदळतात तिथे मात्र आई गप्प झाली.

हे सगळं टूला झालेल्या नाया वार्डालोसने स्वतःच्या घरावरून लिहिलंय, ती कॅनडातल्या विनिपेगची. आधी ती लॉस एंजेलिसला याचा एकपात्री करायची, तो अभिनेत्री रीटा विल्सनने बघितला, रीटाची आई ग्रीक, मग तिने नवऱ्याला म्हणजे टॉम हँक्सला सांगितलं आणि सिनेमा झाला. त्याआधी निर्माते म्हणत होते की कुटुंब ग्रीक नको, दुसऱ्या कुठल्यातरी समाजाचं कर, पण बाई हलली नाही. साधारण ५० लाख डॉलरमध्ये बनलेल्या सिनेमाने एकट्या अमेरिकेत २४ कोटी कमावले, आणि गंमत म्हणजे एकाही वीकेंडला पहिल्या नंबरवर नव्हता.

आता एवढं ग्रीक ग्रीक करून झाल्यावर मी उगाच गूगल केलं. 'नवरा डोकं असला तरी बायको मान असते' म्हणणारी ती आई, लेनी कझान, ज्यू. 'मांस खात नाही? बरं, मग मी मटण करते' म्हणणारी वूला मावशी, अँड्रिया मार्टिन, मूळची आर्मेनियन. नशीब, गस झालेला मायकेल कॉन्स्टंटाइन तरी ग्रीक निघाला. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली असू दे गं, बाई मोठ्याने बोलते ना, ताटात बळंच वाढते ना, झालं. मला काही हे पूर्ण पटलं नाही, उद्या आपल्यावर असा पिक्चर निघाला आणि आजी तिसऱ्याच कुणी केली तर हीच आई पहिल्या पाच मिनिटांत नऊवारीच्या काष्ट्यावरून उठून जाईल.

आणि अजून एक. सिनेमा आला तेव्हा शिकागोत तिसऱ्या हिस्स्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची होती आणि या सिनेमातल्या शिकागोत तसं लक्षात राहणारं माणूस एक नाही. या सिनेमात विविधता म्हणजे ग्रीक आणि बिनग्रीक, बास. त्यातले बिनग्रीक म्हणजे मिलर मंडळी, होणाऱ्या जावयाचे आईवडील, गसच्या भाषेत कोरडा टोस्ट, ना मध ना जॅम. शंभर ग्रीकांना आवाज, हातवारे, सत्तावीस चुलत-मावस भावंडं, आणि त्या दोघांना नुसतं सोफ्यावर आखडून बसायचं काम. आमच्या लग्नांत मुलाकडच्यांची अशी टिंगल केली असती तर मानपान वर्षभर चालला असता.

मिलरबाई बिचारी बंट केक घेऊन येते, तो मधे भोक असलेला, टूलाच्या आईला वाटतं केक बिघडलाय, म्हणून ती भोकात फुलांची कुंडीच ठेवून आणते. मी लोळून हसत होते आणि आई म्हणाली, अगं तिने घरून करून आणला होता तो.

मग जरा वेळाने, शेवटची नावं वर सरकत असताना: "पण भोक कशाला ठेवतात गं?" मी म्हटलं मधलं पीठ कच्चं राहू नये म्हणून, आपल्या मेदूवड्यासारखं. "हां," आई म्हणाली, "मग बरोबर केला होता तिने."