खाली उतरण्याआधी चढलेल्या पायऱ्या

बेळगाव-पुणे मार्गावरच्या आमच्या गाडीतून स्वारगेटला उतरणाऱ्या बऱ्याच प्रवाशांचे पुणे शहरात काहीच काम नसते. त्यांना पिंपरी, कासारवाडी, भोसरी, दापोडी या बाजूला जायचे असते. कोणाची तिथल्या कारखान्यात नोकरी असते, कोणाची मुलगी तिकडे दिलेली असते. सात-आठ तास गाडीत बसून अंग आंबल्यावर पुन्हा सामान उचलून शहर बस शोधणे किंवा रिक्षावाल्याशी घासाघीस करणे हा शेवटचा तुकडा त्यांना आधीच्या सगळ्या वाटेपेक्षा जड जातो, हे वाहक म्हणून मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. म्हणूनच २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा पुणे मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि स्वारगेटहून पिंपरी-चिंचवड महापालिकेपर्यंत मध्ये गाडी न बदलता जाता येऊ लागले, तेव्हा त्या बातमीची चर्चा आमच्या गाडीतही कोगनोळी नाक्यापासून कात्रजपर्यंत चालू असायची.

मी सांगतो आहे तो दिवस त्यानंतरच्या नवरात्रातला. आमची गाडी पहाटे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून सुटते, दुपारी स्वारगेटला लागते आणि रात्री परत निघते. मधल्या वेळेत चालक झोप काढतो आणि हिशेब जुळला की मी मोकळा असतो. त्या दिवशी पुढच्या बाकावर खानापूर तालुक्यातले एक वृद्ध जोडपे होते. त्यांच्या मुलीने कासारवाडीला नवे घर घेतले होते आणि दोघे पहिल्यांदाच तिकडे निघाले होते. तिकीट मागताच आज्जींनी सवयीने आधार कार्ड पुढे केले. शक्ती योजनेत जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या राज्यात साध्या गाड्यांमधून फुकट प्रवास करता येतो, पण राज्याची हद्द ओलांडणाऱ्या गाडीला ती सवलत लागू नाही, हे या मार्गावर मला सतत कोणाला ना कोणाला समजावून सांगावे लागते. आज्जींनी ते ऐकून घेतले, कमरेच्या पिशवीतून पैसे काढून दिले आणि नंतर वाटभर त्यांचे एकच काम चालू राहिले. पूल आला की पदर सावरून नदीला हात जोडायचे. हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा, पंचगंगा, वारणा, एकही त्यांनी चुकवली नाही; झोप लागली असली तरी पुलावर गाडीच्या चाकांचा आवाज बदलला की त्यांचे डोळे उघडत.

निपाणीला एक गवंडी चढले. दापोडीला मुलाकडे निघाले होते आणि तिथे काही काम मिळाले तर करावे म्हणून थापी, करणी आणि ओळंबा असलेली पिशवी बरोबर होती. मागच्या बाकावर भोसरीच्या एका कारखान्यात काम करणारा बेळगावचा तरुण होता. नवा टप्पा सुरू झाल्या झाल्याच तो या भुयारी मेट्रोने जाऊन आला होता आणि कात्रज यायच्या आत त्याने आजूबाजूच्या सगळ्यांना तिची माहिती पुरवली होती. स्वारगेटला उतरल्यावर आज्जी-आबा त्याच्या मागे निघाले, गवंडीमामा निघाले, आणि मला त्या भुयारी स्थानकाचा दरवाजा एकदा पाहायचाच होता म्हणून मीही निघालो.

भुयारी स्थानकाचे रस्त्यावरून दिसते ते एवढेच, त्याचे तोंड. बाकी सारे जमिनीत. वरून छत, समोर दगडी पायऱ्या, बाजूला सरकता जिना आणि लिफ्ट. पण खाली जाणाऱ्या पायऱ्यांपर्यंत पोचण्याआधी रस्त्यापासून काही पायऱ्या वर चढाव्या लागत होत्या आणि आज्जी तिथेच थांबल्या.

“खाली जाऊचं हाय म्हणता आणि वर कशाला चढूचं ओ?”

तरुणाला उत्तर सुचले नाही. खरे तर हा प्रश्न त्यालाही कधी पडला नसावा. उत्तर गवंडीमामांनी दिले. ते त्या पायऱ्यांकडे आमच्यासारखे पाहत नव्हते. दगडाच्या खरखरीत पृष्ठभागावरून त्यांनी चपलेचा तळ घासून पाहिला होता, पायऱ्यांच्या कडेची पाणी जाण्याची जाळी न्याहाळली होती आणि रस्त्याचा उतार कुठल्या बाजूला आहे हेही मान वळवून पाहून घेतले होते.

“आज्जी, हे जोतं हाय. पाणी रस्त्यावर आलं तरी पहिल्यांदा त्याला हे चढाय लागंल, मग खाली उतरंल.”

हे त्यांच्या तोंडून आले याचे मला नवल वाटले नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले तेव्हा आमच्या गाड्या निपाणीच्या पुढे जाऊ शकल्या नव्हत्या. त्या पुरानंतर नदीकाठच्या गावांमध्ये जी घरे पुन्हा उभी राहिली त्यांतली काही या मामांच्या हातची होती. पहिल्यांदा लोक खोल्या किती विचारायचे, पुरानंतर जोते किती उंच घेणार ते विचारू लागले, असे त्यांनी गाडीतच सांगितले होते. पुण्यातही पाऊस ताजा होता. या टप्प्याचे उद्घाटन आधी २६ सप्टेंबरला ठरले होते, तो कार्यक्रम जोरदार पावसामुळे रद्द करावा लागला आणि मग २९ तारखेला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून उद्घाटन केले. जमिनीखाली बांधलेल्या जागेचा पहिला शत्रू वरून येणारे पाणी हाच असतो, त्यामुळे अनेक ठिकाणी भुयारी स्थानकांची दारे रस्त्यापेक्षा उंचावर घेतात. हे कारण एखाद्या माहितीफलकावर वाचले असते तर मी विसरूनही गेलो असतो. गवंडीमामांनी सांगितल्यामुळे ते आज्जींनाही पटले आणि त्या चार पायऱ्या त्यांनी तक्रार न करता चढल्या.

पुढे सरकता जिना आला. त्याच्या तोंडाशी असलेल्या दातेरी पट्टीत लुगड्याचा काठ अडकेल, ही आज्जींची शंका मला रास्तच वाटली. तरुण म्हणाला, “आज्जी, हात धरतो की मी,” पण त्या बधल्या नाहीत, तेव्हा मी त्यांना घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. आबा यंत्राच्या नादी न लागता साध्या जिन्याने निघाले, तरुण आणि गवंडीमामा सरकत्या जिन्याने. तिकीट खिडकी असलेल्या मजल्यावर सगळे एकत्र आलो तेव्हा चौघांनी चार वेगवेगळी स्थानके पाहिल्यासारखे चालले होते. लिफ्टचे दार उघडल्यावर आज्जींनी “झालं? एवढंच?” असे विचारले, आपण जमिनीच्या पोटात आलो आहोत यावर त्यांचा विश्वासच बसेना. आबांना मात्र प्रत्येक पायरी गुडघ्याने मोजून दिली होती. अजून याच्याही खाली फलाट आहे हे ऐकून त्यांनी कठड्याला टेकून दम घेतला. तरुणाने त्यांना धीर देण्यासाठी सांगितले की, जिल्हा न्यायालयाचे स्थानक तर तेहतीस मीटर खोल आहे आणि तरीही तिथे वरचा सूर्यप्रकाश पोचतो. त्या माहितीने आबांना नेमका कसला धीर यायला हवा होता, ते मला कळले नाही.

इतक्यात खालून गार वाऱ्याचा झोत आला. आज्जींनी पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि कुठली खिडकी उघडी आहे ते शोधू लागल्या. अरुंद भुयारातून येणारी गाडी आपल्यापुढची हवा ढकलत आणते आणि ती हवा मिळेल त्या वाटेने, जिन्यांवरून, वर येते. हे पुढच्या एक-दोन झोतांनंतर आमच्याही ध्यानात आले. वारा आला की थोड्याच वेळात खालून गाडीचा आवाज येत होता. गवंडीमामांनी तर त्यावरून गाडी आली हे आवाजाआधी सांगायलाही सुरुवात केली.

आबांचे लक्ष पाट्यांवर होते. त्यांचे शिक्षण गावच्या मराठी शाळेतले, कन्नड लिपी त्यांना येत नाही. आमच्याकडे खेड्यापाड्यांत जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, त्यामुळे त्यांच्या पिढीची माणसे गाडी ओळखतात ती वाहकाच्या आरोळीवरून, चालकाच्या चेहऱ्यावरून किंवा सुटण्याच्या वेळेवरून. इथे दिसेल ती देवनागरी पाटी आबा मोठ्याने वाचत होते. बाहेर, लिफ्ट, तिकीट, फलाट. शेजारून जाणारी कॉलेजची मुले हसत होती, पण आबांना त्याचे काही नव्हते. सगळ्या पाट्या वाचून झाल्यावर त्यांनी मुद्द्याचा प्रश्न काढला.

“बाहेर काय दिसतच नाही तर स्टॉप कसा कळूचा?”

“नाव पुकारतात की आबा, आणि आत पाटी पण असत्या,” तरुण म्हणाला.

वाहकाच्या नोकरीत मला हे पुरते ठाऊक आहे की माणसे गावांच्या नावांवर उतरत नाहीत, खुणांवर उतरतात. पेट्रोल पंप गेला की उठायचे, कमान दिसली की पिशवी घ्यायची, वडाच्या झाडाला उतरवा म्हणायचे. भुयारात यातले काहीच नाही. वरच्या रस्त्याने स्वारगेटहून मंडईला जाताना जो ओळखीचा गजबजाट लागतो तो सगळा डोक्यावर राहतो आणि खाली फक्त नावे उरतात. मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय. नवा दरवाजा पाहून लोक लखलखाट, फरशी, गारवा यांबद्दल बोलत होते खरे, पण पाऊल आत टाकण्याआधी जो तो एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारून घेत होता, ती म्हणजे आपण वर कुठे निघणार. आमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या, पुण्यातच जन्म गेलेल्या एक बाईही सुरक्षा रक्षकाला तेच विचारत होत्या.

तरुणाने खुणांची उणीव भरून काढावी म्हणून की काय, कसबा पेठेनंतर हे भुयार मुठा नदीच्या खालून जाते आणि ते खणणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी नद्यांचीच नावे दिली होती, असे सांगितले. आज्जींनी ते ऐकून घेतले आणि काही वेळ विचार केला.

“मग नदी आली म्हणून कळूचं कसं? आणि हात कुठं जोडूचे?”

“वर,” गवंडीमामा म्हणाले.

तिकिटे निघाली. पैसे रोख दिले की चौकोनी ठिपक्यांची खूण छापलेला कागद मिळतो, तो यंत्राला दाखवला की दार उघडते आणि बाहेर पडतानाही तोच दाखवावा लागतो. तो कागद मी माझ्या पेशाच्या नजरेने उलटसुलट करून पाहिला. तिकीट आधीच तपासून माणसाला आत सोडले तर गाडीत वाहक लागणारच नाही हे उघड आहे, आणि सुट्या पैशांवरून होणारे वादही संपतील. चुकीच्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याला हाक मारून उठवणारेही मग कोणी नसेल. ते काम शेजारच्या प्रवाशावर येऊन पडते, आणि त्या दिवशी तो तरुण ते आनंदाने करत होता.

खरा अडथळा सुरक्षा तपासणीत आला. गवंडीमामांची पिशवी यंत्रातून गेली तेव्हा रक्षकाने ओळंबा बाहेर काढून हातात तोलून पाहिला, काय आहे ते विचारले आणि परत दिला. त्यामागून आज्जींचे बोचके गेले आणि पडद्यावर जे दिसले त्यावरून ते उघडायला लावले. आत तांदूळ, पोहे, कुंद्याचे डबे आणि किंतानात गुंडाळलेली कोरी विळी होती. लेकीच्या नव्या घरात पहिली विळी माहेरची असावी म्हणून लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेली.

“आजी, हे आत नेता येणार नाही,” रक्षक म्हणाला. तो मुलगा नरम स्वभावाचा होता, पण धारदार वस्तूंना मनाई होती आणि त्याच्या हातात काही नव्हते. आबांचे म्हणणे पडले की सरळ रिक्षा करू. आज्जींना विळी सोडवत नव्हती आणि लिफ्टमधून इतक्या सहज खाली आल्यावर मेट्रोही सोडवत नव्हती. रांग वाढू लागली. शेवटी त्यांनीच निकाल दिला. विळी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, “तुमच्या गाडीत ऱ्हाऊ दे. जावई येऊन नेतील.” जावयांना फोन लावून तसे ठरवले, आणि चौघे दारातून पलीकडे गेले.

मी विळी घेऊन साध्या जिन्याने वर आलो. इतकी वर्षे मी स्वारगेटला येतो ते नेहमी कात्रजच्या बाजूने, सातारा रस्त्यावरून. जिना वळून वर आला तेव्हा माझे तोंड भलत्याच दिशेला होते आणि चौकातली वाहने उलट्या बाजूंनी येत असल्यासारखी वाटली. बसस्थानक कुठे आहे हे कळायला मला आमच्याच एका गाडीचा लाल रंग शोधावा लागला. आबांचा प्रश्न किती नेमका होता हे तिथे उभा असताना कळले, आणि हातात किंतानात गुंडाळलेली विळी असलेल्या माणसाने भर चौकात फार वेळ उभे राहू नये हेही.

विळी वाहकाच्या पेटीत राहिली. माझ्या पुढच्याच पाळीला जावई दुचाकीवरून येऊन ती घेऊन गेले. दिवाळी झाल्यावर आज्जी-आबा परतीला आमच्याच गाडीला लागले. स्वारगेटपर्यंत मेट्रोनेच आले होते. मधल्या काळात लेकीबरोबर मंडईला भाजीसाठीही जाऊन आले होते. कसे वाटले, असे मी विचारले तेव्हा आज्जी म्हणाल्या, “खाली बघण्यासारखं काय नाही ओ, फरशी आणि दिवे. पण पाय दुखत नाहीत.” आबांनी स्थानकांची नावे क्रमाने म्हणून दाखवली, एकही न चुकता, आणि एक सुधारणाही सुचवली. विळीचे तिथे जाऊन कळण्यापेक्षा गाडीतच कळायला हवे होते.

ते मी मानले. आता कात्रज आले की स्वारगेटला उतरणाऱ्यांची सामानाची आवराआवर सुरू होते तेव्हा मी मधल्या वाटेत उभा राहून विचारतो की मेट्रोने कोण जाणार आहे आणि कोणाच्या पिशवीत विळी, कोयता, सुरी आहे का. आतापर्यंत एक अडकित्ता, नारळ सोलायची पहार आणि एका आचाऱ्याच्या सुऱ्यांचा पूर्ण संच निघाला आहे. आचारी शहर बसने गेला.