एमओटी: स्कूटर पास, मोटरसायकल नापास

ब्रिटनमध्ये दुचाकी रस्त्यावर चालवायची असेल, तर पहिल्या नोंदणीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर (उत्तर आयर्लंडमध्ये चार) तिची दरवर्षी एमओटी, म्हणजे रस्त्यावर चालण्यास सुरक्षित असल्याची सक्तीची तपासणी करून घ्यावी लागते. आमच्याकडे रोजच्या कामासाठी १२५ सीसीची स्कूटर आणि सुटीच्या दिवसांसाठी ५०० सीसीची एक जुनी मोटरसायकल आहे. यंदा दोन्हींच्या तारखा जवळजवळ आल्यामुळे मी एकाच सकाळची वेळ घेतली आणि स्कूटर पत्नी चालवत घेऊन आली.

पहिली अडचण केंद्र शोधण्याची होती, कारण मोटारी तपासणारी गॅरेजे गल्लोगल्ली असली तरी दुचाकी तपासण्याची परवानगी त्यांच्यातल्या थोड्यांनाच असते. २०० सीसीपर्यंतच्या दुचाकी पहिल्या वर्गात मोडतात, त्यापुढच्या दुसऱ्या वर्गात. शुल्काची कमाल मर्यादा मात्र साइडकार नसेल तर दोन्हींना सारखीच, म्हणजे २९.६५ पौंड आहे. मोटरसायकल हिवाळाभर मी अधिकृतपणे ‘रस्त्याबाहेर’, म्हणजे वापरात नाही अशी, नोंदवून ठेवली होती. अशी गाडी आधी वेळ ठरवलेल्या तपासणीसाठी मात्र चालवत नेता येते, अर्थात विमा चालू असला पाहिजे.

तपासनीसाने परवानगी दिली म्हणून ठरलेल्या जागी उभे राहून मला सगळे पाहता आले. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांच्या प्रकृतीशी या तपासणीला काही देणेघेणे नसते, आणि मोटारींप्रमाणे धुराचे मोजमापही दुचाकीच्या बाबतीत होत नाही. पाहिले जाते ते एवढेच, की ही गाडी आज रस्त्यावर धोकादायक आहे का. पुढचे चाक जमिनीपासून उचलून त्याने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवले आणि कोनसेटमध्ये (हँडलच्या दांड्याच्या बेअरिंगमध्ये) खाच लागते का ते हाताला जाणवू दिले, मग पुढचे शॉकअप (धक्के शोषणारे दांडे) धरून पुढेमागे हलवले, ऑइल सीलभोवती तेल पाझरले आहे का ते बॅटरीच्या उजेडात पाहिले, आणि मागचे चाक धरणारा चिमटा आडवा हलवून त्याच्या बुशांमधला खेळ तपासला. चेनचा ताण, दोन्ही चाकांची एक रेष, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर तो आपोआप परत येतो का, सायलेन्सरवर ‘रस्त्यासाठी नाही’ असा शिक्का तर नाही ना, हेही पाहिले गेले. त्यानंतर चाके रोलरवर घेऊन ब्रेकची क्षमता, म्हणजे वजनाच्या तुलनेत ब्रेकचा जोर, मोजण्यात आली. दोन ब्रेकांपैकी एकाची ती किमान ३० टक्के आणि दुसऱ्याची किमान २५ टक्के भरावी लागते.

मोटरसायकल या सगळ्यातून सहज पार पडली आणि ब्रेकच्या दिव्यावर अडकली. मागचा ब्रेक दाबला की दिवा लागत होता, पुढच्या ब्रेकची लिव्हर ओढली की लागत नव्हता. १ एप्रिल १९८६ रोजी किंवा त्यानंतर वापरात आलेल्या दुचाकीचा हा दिवा दोन्ही ब्रेकांनी लागला पाहिजे, असा नियम आहे. लिव्हरखालच्या चिमुकल्या स्विचमध्ये ओल शिरून त्याचे संपर्क गंजले होते. मला यात नवल वाटले नाही, कारण येथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते आधी वायरिंगच्या जोडांना व स्विचला खाते, नंतर ब्रेकच्या कॅलिपरकडे वळते. मोटारींच्या मानाने दुचाकी या तपासणीत कमी प्रमाणात नापास होतात, आणि ज्या होतात त्यांच्यात दिव्यांच्या तक्रारी फार असतात. हौशी चालक चेनला तेल घालतो, टायर न्याहाळतो, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतो. मागे जाऊन स्वतःचा ब्रेकचा दिवा तो क्वचितच पाहतो, कारण त्यासाठी दुसरा माणूस किंवा समोर भिंत तरी लागते.

स्कूटर पास झाली, पण प्रमाणपत्रासोबत मागच्या टायरबद्दल सूचना मिळाली. ५० सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीच्या टायरची नक्षी रुंदीच्या तीन चतुर्थांश भागावर किमान १ मिलिमीटर असावी लागते, तर मोटारीला १.६ मिलिमीटर. ज्या वाहनाला दोनच चाके, त्यालाच ही सवलत का, हे मला आजवर पटलेले नाही. इथल्या पावसात १ मिलिमीटरच्या भरवशावर मी तरी वळण घेणार नाही, म्हणून टायर लगेच बदलला. पहिल्या तीन वर्षांच्या सुटीबद्दलही माझे असेच मत आहे. घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्यांच्या स्कूटर दिवसभर धावत असतात, आणि पहिल्या तपासणीची वेळ येईपर्यंत त्यांचे टायर आणि ब्रेक पॅड अनेकदा बदलण्याच्या मर्यादेपलीकडे झिजलेले असतात.

महाराष्ट्रात खासगी दुचाकीला पहिली पंधरा वर्षे पीयूसीखेरीज कोणतीही नियमित तपासणी नसते आणि त्यानंतर आरटीओत पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. त्यामुळे आमच्याकडे येथे आलेल्या माझ्या वडिलांना दरवर्षीची ही धावपळ अनाठायी वाटली. ब्रेकच्या स्विचची हकिगत ऐकल्यावर मात्र त्यांनी पुण्यातल्या आपल्या स्कूटरचा दिवा लागतो का, ते फोनवरून शेजाऱ्यांना पाहायला सांगितले.

मोटरसायकल मी त्याच केंद्रात दुरुस्तीला सोडली. दहा कामकाजी दिवसांच्या आत तेथेच दुरुस्ती झाली, तर केवळ नापास भागाच्या फेरतपासणीला शुल्क पडत नाही. मला पैसे द्यावे लागले ते स्विचचे आणि मजुरीचे. पास-नापासाची ही नोंद सरकारी संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून कोणालाही पाहता येते, त्यामुळे जुनी दुचाकी विकत घेणारे लोक तीच आधी वाचतात. पुढच्या वर्षी मी मुदतीच्या जवळजवळ महिनाभर आधीची वेळ घेणार आहे. मुदत संपण्याच्या एक दिवस कमी महिनाभर आधीपर्यंत तपासणी करून घेतली, तरी नूतनीकरणाची तारीख जुनीच राहते आणि काही निघाले तर दुरुस्तीला सवड मिळते.