तुम्ही विचारलंत म्हणून: ढालीवरचा लाल म्हणजे शौर्य का?

युरोपातली कुलचिन्हं हा माझा छंद आहे हे ओळखीपाळखीत पसरल्यापासून फोनवर फोटो येत असतात. कुणी लंडनला मुलाकडे गेलेलं असतं, कुणी जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये थडग्याच्या दगडासमोर उभं असतं. फोटोखालचा प्रश्न ठरलेला: "याचा अर्थ काय हो? लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, सिंह म्हणजे पराक्रम, असंच ना?"

असं नाही. निदान ज्यांनी या ढाली रंगवल्या आणि हातात धरल्या, त्यांच्या लेखी तरी नव्हतं.

12व्या शतकात ही पद्धत रुळली तेव्हा अडचण साधी होती. चिलखत आणि शिरस्त्राण घातलेला माणूस कोण आहे हे लांबून ओळखू येत नसे. म्हणून ढालीवर मोठं, ठसठशीत काहीतरी काढायचं. रंगांचे नियमही त्याच गरजेतले. सोनेरी आणि रुपेरी हे दोन 'धातू', म्हणजे व्यवहारात पिवळा आणि पांढरा. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. धातूवर धातू चालत नाही, रंगावर रंग चालत नाही. आपल्या गाड्यांच्या पाट्या बघा: पांढऱ्यावर काळे आकडे, टॅक्सीच्या पिवळ्यावर काळे, विजेच्या गाडीच्या हिरव्यावर पांढरे. तिन्ही पाट्या या नियमात पास होतात. छटेला तर इथे काही किंमतच नाही. शेंदरी काढा नाहीतर डाळिंबी, कागदोपत्री तो 'लाल'च.

नियमाचा सगळ्यात गाजलेला अपवाद जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचा. रुपेरी ढालीवर सोनेरी क्रूस. पाहणाऱ्याने थबकून 'हे असं का?' विचारावं, म्हणून तो मुद्दाम मोडला, असं सांगतात.

अर्थाबद्दल कुणी फारच हट्टाला पेटलं की मी स्क्रोप आणि ग्रोव्हनर यांचा खटला सांगतो. 1385 साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. त्या फौजेत दोन सरदारांच्या अंगावर हुबेहूब तेच चिन्ह निघालं: निळ्या ढालीवर सोनेरी तिरका पट्टा. सर रिचर्ड स्क्रोप म्हणाले आमचं, सर रॉबर्ट ग्रोव्हनर म्हणाले आमचं. शेकडो साक्षीदार झाले आणि निकाल लागायला काही वर्षं गेली. त्या साक्षीदारांत चॉसर होता. हो, तोच 'कँटरबरी टेल्स'चा इंग्रज कवी. 1386 च्या ऑक्टोबरात त्याने सांगितलं, की फ्रान्सच्या मोहिमेत मी हे चिन्ह स्क्रोपांच्या अंगावर पाहिलंय. मग पुढचा किस्सा. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना त्याला एका खाणावळीबाहेर नवीन पाटी टांगलेली दिसली, तिच्यावर हेच चिन्ह. त्याने विचारलं, "स्क्रोपांचं चिन्ह लावणारी ही कुठली खाणावळ?" उत्तर आलं, "स्क्रोपांचं नाही साहेब, हे ग्रोव्हनरांचं." चॉसरने तोवर ग्रोव्हनर हे नावही ऐकलेलं नव्हतं.

मला या खटल्यात गंमत वाटते ती प्रश्नांची. कोर्टाला हवं होतं ते एवढंच: हे चिन्ह कुणी धारण केलं, कुठे, कधीपासून? निळा म्हणजे निष्ठा आणि मग अधिक निष्ठावान कोण, असला युक्तिवाद करायची तिथे सोय नव्हती. वहिवाट कुणाची, हा मुद्दा. ज्याने भाऊबंदकीत बांधाचा दावा लढवलाय त्याला हे लगेच कळेल.

1389 साली निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला आणि ग्रोव्हनरला सांगितलं गेलं, की हवं तर भोवती रुपेरी काठ घालून वापरा. ते मान्य न करता तो राजाकडे अपिलात गेला. 1390 मध्ये राजाने तो काठही काढून घेतला. मग ग्रोव्हनरने निळ्यावर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. इथे लोक हमखास म्हणतात, "म्हणजे समृद्धी!" नाही हो. चेस्टरच्या अर्लांच्या, म्हणजे तिथल्या बड्या सरदारांच्या, निळ्या ढालीवर सोनेरी पेंढ्या होत्या आणि ग्रोव्हनर चेस्टर भागातले. पेंढी नातं सांगते. या घराण्याची खुन्नस मात्र भलतीच लांब टिकली. त्यांच्याच वंशातल्या वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या घोड्याने 1880 ची डर्बी जिंकली, आणि त्या घोड्याचं नाव होतं 'बेंड ऑर', म्हणजे तोच हातचा गेलेला सोनेरी पट्टा.

मग चिन्हं निवडायचे कशावरून? पुष्कळदा नावावरून, आणि चक्क कोटी करून. स्पेनमधल्या कास्तीलच्या ढालीवर किल्ला, लेओनच्या ढालीवर सिंह, स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या ढालीवर अस्वल, कारण तिकडच्या भाषांत ही नावं त्या-त्या शब्दांसारखीच वाजतात. शेक्सपिअर घराण्याला 1596 मध्ये चिन्ह मिळालं, त्यात सोनेरी ढालीवर काळा तिरका पट्टा आणि पट्ट्यावर भाला, कारण नावातच भाला आहे. सिंहाचं म्हणाल तर तो इतका सर्रास होता, की 'ज्याला चिन्ह नाही तो सिंह लावतो' अशी जुनी फ्रेंच म्हणच आहे. निळा रंग सुरुवातीला ढालींवर कमी दिसतो आणि पुढे वाढत जातो. फ्रान्सच्या राजाची ढाल निळी, तिच्यावर सोनेरी लिली. राजाने घातलं की सरदार घालणारच.

रंगांच्या अर्थांचे तक्ते मात्र काल-परवा फोनवर जन्मले असंही नाही. 15व्या शतकात त्यांची हौस चांगलीच बळावली होती. लेखकांनी रंगांना सद्गुण, रत्नं, ग्रह जोडले. लाल म्हणजे मंगळ, काळा म्हणजे शनी, सोनेरी म्हणजे सूर्य. इथवर आपल्या नवग्रहांशीही जमतं. पण रत्नांत काळ्याच्या वाट्याला हिरा येतो, तिथे मी हात जोडतो. एक पुस्तक एक गुण सांगतं, दुसरं दुसराच. ढाली आधी झाल्या, भाष्यकार मागाहून आले.

गोव्याहून फोटो पाठवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगावं लागतं. पोर्तुगालच्या ढालीत पाच छोट्या निळ्या ढाली असतात, प्रत्येकीवर पाच पांढरे ठिपके. गाईड सांगतो: 1139 च्या ओरिकच्या लढाईत हरवलेले पाच मूर राजे, आणि ख्रिस्ताच्या पाच जखमा. कथा छान आहे, पण जुन्या मुद्रांवर ठिपक्यांचा आकडा पाचावर ठरलेला नव्हता. तो पुढे पक्का झाला. गोव्याच्या पोर्तुगीज काळातल्या चिन्हात जे चाक दिसतं, त्याचा अर्थ मात्र खराच आहे, आणि तो गुणाशी नाही, तारखेशी बांधलेला आहे. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी गोवा घेतला. तो सेंट कॅथरीनचा दिवस. अलेक्झांड्रियाच्या या संतिणीला चाकावर मारण्याची शिक्षा झाली होती अशी कथा, म्हणून चाक ही तिची खूण. से कॅथेड्रल तिच्याच नावाने आहे, आणि ते चाक गोव्याच्या नाण्यांवरही उमटलं. म्हणजे ते ना सूर्य, ना रथाचं चाक. छळाचं हत्यार आहे, आणि जिंकणाऱ्याने लावलेली आपल्या विजयाची तारीख.

आपल्या संस्थानिकांची चिन्हं हा तर वेगळाच मामला. 1877 च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्यांना रेशमी निशाणं दिली. त्यांवरची चिन्हं रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या सनदी अधिकाऱ्याने आखली. तिथे अर्थ मुद्दाम ठरवून घातले गेले: कुणाचा वंश, कुणाची दंतकथा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चिन्हात नाग आहे, कारण मूळपुरुषावर नागाने फणा धरल्याची आख्यायिका. ज्यांची स्वतःची जरीपटक्यापासूनची निशाणं होती, त्यांना परक्या ढालीत कोंबण्याचा हा उद्योग मला आजही खटकतो. पण 'प्रत्येक चित्राला अर्थ हवाच' हा आपला हट्ट कुठे पुरा झाला असेल, तर तो तिथे.

शेवटी तो दुसरा प्रश्न: "आमच्या आडनावाचं चिन्ह कुठे मिळेल?" पर्यटकांच्या दुकानात आडनाव सांगितलं की रंगीत ढाल छापून मिळते, खाली गुणांची यादी. इंग्लंडच्या नियमाने चिन्ह माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं, आडनावाला मिळत नाही. 1484 पासून हे काम लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स पाहतं. त्यामुळे विकत घेऊ नका, हौस असेल तर स्वतःच काढा. एक धातू, एक रंग आणि आडनावावर कोटी. घोरपड्यांना आणि वाघांना शोधायला लांब जावं लागणार नाही. क्षीरसागरांनी पांढऱ्यावर निळ्या लाटा काढाव्यात. मोऱ्यांनी मोर जरूर घ्यावा, पिसारा फुलवलेला मोर तिकडच्या ढालींवर आधीपासून आहेच. फक्त निळा मोर हिरव्या ढालीवर बसवू नका. पिवळी घ्या.