कर्ज बार्शीत, लवाद चेन्नईत: माझा अनुभव

धाकट्या भावाच्या छोट्या हत्तीच्या कर्जाला मी जामीनदार आहे. गाडी बार्शीत घेतली, सह्या बार्शीतल्या शोरूममध्ये झाल्या, हप्ता न्यायला माणूस घरी यायचा. थकबाकीवरून वाद झाला आणि रजिस्टर पोस्टानं नोटीस आली ती मात्र चेन्नईहून. कंपनीनं तिथे लवाद, म्हणजे न्यायालयाबाहेर वादाचा निवाडा देणारा माणूस, नेमला आहे, अमुक तारखेला हजर राहा, नाहीतर एकतर्फी निवाडा होईल. भावाला एक, मला एक.

वाद तसा लहानच. वसुलीच्या माणसाला रोख दिलेले दोन हप्ते खाते उताऱ्यात कुठेच नव्हते. शिक्का आणि सही असलेल्या पावत्या आमच्याकडे होत्या. शिवाय दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज धरलेलं. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकात हे करू नका असं स्पष्ट सांगितलंय. पण हे सांगायचं कुणाला? ऐकणारा माणूस चेन्नईत बसलेला, आणि भाऊ रोज पहाटे भाजी भरून मार्केट यार्डात जाणारा.

बार्शीतल्या वकीलबाईंनी करारनामा मागून वाचायला घेतला. शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, सगळं एकाच कलमात होतं: वाद लवादाकडे जाईल, लवाद कंपनी नेमेल, लवादाचं ठिकाण चेन्नई, आणि अधिकार फक्त चेन्नईच्या न्यायालयांना.

माझा पहिला प्रश्न सरळ होता. व्यवहार सगळा इथला, मग हे कलम टिकतं कसं? "टिकतं, ताई," त्या म्हणाल्या. साध्या दाव्यात निदान एवढं बघतात की करारात लिहिलेल्या न्यायालयाला मुळात अधिकार हवा. नसलेला अधिकार करारानं देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1971 सालीच हकम सिंगच्या खटल्यात सांगितलंय. कलमात 'फक्त' हा शब्द नसला तरी लिहिलेल्या न्यायालयालाच अधिकार धरतात, हे 2013 च्या स्वस्तिक गॅसेसच्या निकालात आहे. लवादाचं ठिकाण ठरवलेलं असलं की मात्र व्यवहाराचा त्या शहराशी काडीचा संबंध नसला तरी तिथलंच न्यायालय. तो 2017 चा इंडस मोबाइलचा निकाल. घर किंवा जमीन गहाण असती तर गोष्ट वेगळी होती. गहाणाचा दावा मालमत्ता असेल तिथल्याच न्यायालयात चालतो, आणि कराराला ते बदलता येत नाही. गुरगावच्या भूखंडाचा एक दावा करारात दिल्ली लिहिली म्हणून दिल्लीत चालला होता; 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीला तो अधिकारच नव्हता असं ठरवलं. जमीन हलत नाही. आमची गाडी हलणारी, म्हणून आम्हाला ते संरक्षण नाही.

मला हे आजही पटत नाही. कर्ज द्यायला कंपनी तालुक्याच्या गावापर्यंत येते, मग ऐकून घ्यायला का येत नाही?

ठिकाण हलवता येत नाही म्हटल्यावर वकीलबाईंनी बोट ठेवलं ते लवाद नेमण्यावर. लवाद कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 12(5), आणि त्यावरचा 2019 चा पर्किन्स ईस्टमन निकाल: ज्याचं वादात हित आहे त्यानं एकट्यानं लवाद नेमायचा नाही. 2024 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानंही एकतर्फी नेमणुकीला नकार दिला. अशा नेमणुकीला हरकत घेण्याचा हक्क सोडायचा तर वाद उभा राहिल्यानंतर तसं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. म्हणून त्यांनी आम्हाला बजावलं, कंपनीचा कुणीही माणूस 'साधी संमती आहे' म्हणत कागद घेऊन आला तर सही करायची नाही. तसा एकजण खरंच आला. भावानं त्याला चहा दिला, सही दिली नाही.

आमची हरकत दीड पानाची होती. तुमची नेमणूक आम्हाला मान्य नाही, तशी संमती आम्ही दिलेली नाही आणि देणारही नाही. सोबत पावत्यांच्या प्रती. स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं, लवादाला आणि कंपनीलाही. पोचपावत्या जपून ठेवल्या. पुढच्या तारखेला व्हिडिओवर सुनावणी झाली, वकीलबाईंनी तेच पुन्हा सांगितलं आणि ते रोजनाम्यात नोंदवायला लावलं. काही आठवड्यांनी लवादानं काम सोडल्याचं पत्र आलं.

त्यानंतर कंपनीची इथली शाखा बोलायला तयार झाली. दोन्ही हप्ते जमा धरले, दंडावरचं व्याज काढलं, उरलेली रक्कम भावानं भरली. ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 (आरटीओत कर्जाची नोंद काढायचा अर्ज) घेऊन आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा, बोजाही उतरला.

आमचं ऐकून वैरागकडचे एक गृहस्थ वकीलबाईंकडे आले. त्यांच्याविरुद्ध निवाडा होऊन गेलेला होता. निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने, सबळ कारण असेल तर वर तीस दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही, आणि तेही चेन्नईतच. वसुलीसाठी मात्र कंपनी मालमत्ता असेल तिथे थेट येऊ शकते, 2018 च्या सुंदरम फायनान्स निकालाप्रमाणे. त्यांची मुदत केव्हाच टळली होती. कंपनी आता सोलापूर जिल्ह्यातल्या न्यायालयात वसुलीला आलीय, आणि लवादाच्या एकतर्फी नेमणुकीची हरकत वकीलबाईंनी तिथेच घेतलीय. पुढची तारीख पडली आहे.